गोळी कुटायची नसते

मागच्या आठवड्यात माळा आवरायला काढला आणि पितळी खलबत्ता हाती लागला. घासून पुसून ठेवावा म्हणून घेतला, आणि तसाच खाली ठेवला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. आईनं लग्नात दिलेला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यानं वेलदोडे, सुंठ, जायफळ असलंच काही कुटलं. पण शेवटी शेवटी त्यात जे कुटलं ते माझ्या हातानं, आणि ते कुटायला नको होतं. यावर लिहीन लिहीन म्हणता बरीच वर्षं गेली. आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, पण मंडळी, शेवटपर्यंत वाचा. विशेषतः ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी.

तर झालं असं. २०१६ च्या दिवाळीनंतर आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं आणि गिळणं कठीण झालं. साधं पाणी प्यायले तरी ठसका लागायचा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बरोबर गोळ्यांची पिशवी होती. सकाळी उपाशीपोटी एक पित्ताची, जेवणानंतर एक रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची, शिवाय आणखी दोन-तीन. गोळी काही घशाखाली उतरेना. मग मी काय केलं? कुठल्याही बाईनं केलं असतं तेच. गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, मधात कालवल्या आणि चमच्यानं भरवल्या. आठ महिने. एक दिवस चुकवला नाही, याचा मला अभिमानच होता!

मग एके दिवशी सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. जठरात रक्तस्राव होत होता. धावपळ, दोन बाटल्या रक्त, दहा दिवस दवाखाना. त्यातून हे सावरले, देवाची कृपा.

घरी आल्यावर नव्या चिठ्ठीच्या गोळ्या आणायला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये गेले. तिथला मुलगा माझाच विद्यार्थी. सहावीत मराठीत कायम काठावर पास, पण मोठा गुणी. सहज बोलता बोलता मी म्हटलं, "लहान गोळी असेल तर बघ रे, कुटायला सोपी जाते."

तो हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, तुम्ही ह्या गोळ्या कुटून देत होते काय जी?"

"मग काय करू? गिळता येत नाही त्यांना."

"अवो बाई, ह्या कुटाच्या नाई राहत जी! वरचं वेष्टन फुटलं का सारं कामच बिघडते. डॉक्टरले इचारा, गिळता येत नसन तर दुसऱ्या तऱ्हेचं औषध भेटते."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात ते असं. जन्मभर मी पोरांचे कान पिळले, आणि त्या पोरानं माझे टोचले.

डॉक्टरांनी औषधं बदलून दिली. रक्तस्राव कुटण्यामुळंच झाला असं ते म्हणाले नाहीत. ॲस्पिरिन रक्तात मिसळल्यावरसुद्धा जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, त्यामुळं वेष्टन असलेली गोळी नीट गिळणाऱ्यांनाही असा त्रास होऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. पण पित्ताच्या गोळीचं ऐकून मात्र मी सुन्न झाले. ते औषध आम्लात टिकत नाही. जठरातल्या आम्लापासून त्याला वाचवायला वरून वेष्टन असतं. गोळी आतड्यात पोचते, तिथं वेष्टन विरतं, औषध रक्तात जातं आणि मग रक्तातून येऊन जठराचं आम्ल कमी करतं. म्हणजे मी आठ महिने रोज सकाळी काय केलं? जठर सांभाळणारं औषध जठरातच नासवलं, आणि जठराला बोचणारं औषध उघडं करून तिथंच सोडलं. तेही मधातून, मायेनं!

कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण मीही विचारलं नव्हतं. "प्रश्न विचारा रे," असं वर्गात रोज सांगणारी मी!

तेव्हापासून हे वेष्टन आहे तरी काय, कुणी शोधलं, हे जाणून घ्यायचं वेड लागलं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बी.ए. रसायनशास्त्राशी संबंध इतकाच, की शाळेत निळा लिटमस आम्लात तांबडा होतो हे पाठ केलं होतं. पण इतिहासाच्या बाईला गोष्ट सनावळीनं लावली की कळते. भाचीची लेक पुण्याला बी.फार्म. झाली आहे, तिनं माझ्या अडाणी प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली. त्यातून जे उमजलं ते लिहिते.

आम्ल किती तीव्र हे आकड्यात मोजण्याची युक्ती १९०९ साली कोपनहेगनच्या सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काढली. काम करत होता कार्ल्सबर्ग या बीअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत! त्या मोजमापाला पीएच म्हणतात. शुद्ध पाणी ७, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. गंमत अशी की या मापात एक पायरी खाली उतरलं की आम्लता दहापट वाढते. उपाशीपोटी जठरात पीएच १ ते ३ च्या आसपास असतो आणि लहान आतड्यात ६ ते ७.५ च्या. जठरात २ आणि आतड्यात ७ धरला, तर फरक पाच पटींचा नव्हे, एक लाख पटींचा झाला! एकाच पोटात, हातभर अंतरावर, इतकी वेगळी दोन गावं.

हा फरक औषधाला वाटाड्या म्हणून वापरावा हे जर्मनीतल्या उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाला सुचलं. १८८४ साली त्यानं गोळ्यांना केराटिनचा लेप दिला. केराटिन म्हणजे आपले केस, नखं, जनावरांची शिंगं ज्याची असतात ते. तो लेप फारसा भरवशाचा नव्हता, पण कल्पना पक्की होती. पुढं १९५० च्या दशकात जर्मनीतच डार्मस्टाटच्या रोम अँड हास कंपनीनं मेथाक्रिलिक आम्लापासून केलेले लेप काढले. त्यातला एक पीएच ६ च्या वर विरतो, एक ७ च्या वर. त्याच कुळातले लेप आजही आपल्या गोळ्यांवर असतात. म्हणजे मी कुटत होते ते कित्येक वर्षांच्या खटपटीचं फळ होतं.

हे वेष्टन ओळखतं कसं, की जठर संपलं आणि आतडं आलं? त्याला काही डोळे नाहीत. भाचीच्या लेकीनं सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब माळ. मेथाक्रिलिक आम्लाच्या माळेला ठिकठिकाणी एकेक आम्लगट लोंबत असतो. भोवती तीव्र आम्ल असलं की तो आपला हायड्रोजन धरून गप्प बसतो, माळा एकमेकींना चिकटून राहतात, पाणी आत शिरत नाही. आम्ल कमी झालं की तो हायड्रोजन सोडून देतो आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार येतो. आता सगळे गट एकाच भाराचे. मग काय, एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारखे ते एकमेकांपासून होईल तितके लांब सरकतात! माळा सुटतात, पाणी आत येतं, वेष्टन विरून जातं.

आणि याच माळा अधूनमधून एकमेकींना गाठी मारून जाळ्यासारख्या बांधल्या, तर? मग त्या विरू शकत नाहीत, नुसत्या फुगतात. पाणी पिऊन टम्म होतात, पण आकार सोडत नाहीत. याला म्हणतात हायड्रोजेल. नाव परदेशी असलं तरी वस्तू घरचीच आहे. उन्हाळ्यात सरबतात भिजवलेला सब्जा आठवा, त्याच्याभोवतीचा तो बुळबुळीत पारदर्शक थर, तोच नैसर्गिक जेल. माळ्यांच्या जाळ्यात औषध भरून ठेवलं, तर जठरात जाळं आवळलेलं आणि औषध आत कोंडलेलं. आतड्यात जाळं फुगलेलं आणि औषध हळूहळू बाहेर. लेप एकदाच उघडतो, पण जेल किती वेगानं सोडायचं तेही ठरवू शकतो.

माझा यावर विश्वास बसेना, तेव्हा भाचीच्या लेकीनं स्वयंपाकघरातच प्रयोग केला. तिच्या सात महिन्यांच्या बाळाचा एक कोरा डायपर फाडला, आतली पावडर तीन वाट्यांत घातली आणि पाणी ओतलं. बघता बघता साबुदाण्याच्या खिरीसारखं घट्ट झालं. एका वाटीत चमचाभर मीठ टाकलं, तर जेल ढासळून पाणी पाणी. दुसरीत लिंबू पिळलं, तेही आकसलं. ही आम्लाची करामत. मग माझ्या डोक्यात आलं, माहेरच्या विहिरीचं पाणी घालून बघू. माझं माहेर पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडून आलेल्या बाटलीतलं पाणी तिसऱ्या, नव्यानं भरलेल्या वाटीत ओतलं. पावडर फुगली, पण आमच्या नळाच्या पाण्याइतकी नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात जेलही मन मोकळं करून फुगत नाही! खारे क्षार त्या जावांच्या मधे येऊन बसतात, मग दूर सरकायचं कारणच उरत नाही.

पीएचनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जेलचा पहिला गाजलेला अभ्यास १९४९-५० मधला. वेर्नर कून आणि आहारोन कात्शाल्स्की या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे धागे केले, जे अल्कलीत लांबत आणि आम्लात आखडत. त्यांच्या मनात औषध नव्हतं, कृत्रिम स्नायू होता. या कात्शाल्स्कींचा अंत वाईट झाला. ३० मे १९७२ ला इस्राएलच्या लोद विमानतळावर झालेल्या गोळीबारात ते मारले गेले.

माणसाच्या शरीरात जेल नेण्याचं काम केलं प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी. १९५२ मध्ये आगगाडीत शेजारचा प्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या कृत्रिम अवयवाबद्दल वाचत होता. विख्टर्लेंना वाटलं, धातू कशाला, शरीरासारखं ओलं, मऊ असं काही का नको? १९६० साली त्यांनी आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी 'नेचर' साप्ताहिकात अशा जेलवर लेख लिहिला. तोही मेथाक्रिलिक कुळातलाच. मधल्या काळात, १९५८ मध्ये, राजकीय कारणांनी त्यांना शिक्षणसंस्थेतून काढून टाकलं होतं. १९६१ च्या नाताळात या माणसानं घरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातले लोखंडी तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र केलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या! आज आपली पोरंसोरं डोळ्यात घालतात त्या.

आता आपल्याकडं येऊ. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, ३ जानेवारी १९५० ला सुरू झाली. तिथं १९७६ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर आले आणि पॉलिमरच्या संशोधनाला जोर आला. माशेलकरांची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! १९४३ मध्ये गोव्यातल्या माशेलला जन्म, लहानपणीच वडील गेले, आईनं मुंबईत कष्ट करून वाढवलं, कित्येक वर्षं पायात चप्पल नव्हती. शाळेत भावे सरांनी भिंगानं उन्हाचे किरण एका बिंदूवर आणून कागद पेटवून दाखवला, आणि शक्ती एकवटली की काय होतं ते शिकवलं. हे ते स्वतः नेहमी सांगतात. एका शिक्षकाचं भिंग कुठवर पोचतं बघा. आम्हा मास्तरांना जगायला तेवढं पुरतं.

एनसीएलमध्ये १९८० च्या दशकात स्टार्चपासून पाणी शोषून धरणारा एक पॉलिमर केला गेला, नाव 'जलशक्ती'. कोरडवाहू शेतीत मुळांपाशी पाणी धरून ठेवायचं, ही त्यामागची आशा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माझ्यासारखीला त्या नावातच केवढं बळ वाटतं! पण वाट्यांचा प्रयोग पाहिल्यावर हेही कळलं, की अशा जेलला पाणी कसलं मिळतं यावर सगळं अवलंबून. आमच्या खारपाणपट्ट्यात त्याची परीक्षा अवघडच.

पुढं एनसीएलमध्ये असे 'शहाणे' जेल घडवण्यावर बरंच काम झालं. माशेलकर, आशिष लेले आणि तिथंच पीएच.डी. केलेल्या शायनी वर्गीस यांनी २००६ साली एक नवल प्रसिद्ध केलं: कापलेला जेल तांब्याच्या क्षाराच्या मदतीनं स्वतःला सांधतो. वर्गीस पुढं अमेरिकेत गेल्या. २०१२ मध्ये त्यांच्या तिथल्या गटानं, लेले आणि माशेलकरांना बरोबर घेऊन, असा जेल दाखवला जो आम्लात काही सेकंदांतच सांधला जातो आणि पीएच वाढवला की परत सुटा होतो. आम्लात सांधणारा, म्हणजे जठरासाठी किती कामाचा! जठराला पडलेलं छिद्र बुजवणं, व्रणाच्या जागी औषध धरून ठेवणं, असे उपयोग त्यांनी सुचवले. हे वाचताना मला यांचं जठर आठवलं. अजून ते प्रयोगशाळेतून आपल्या दवाखान्यापर्यंत आलेलं नाही. पण पुण्यात पेरलेलं ते बी आहे.

सगळंच साधलं असंही नाही. माझ्या धाकट्या जावेला रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. इन्सुलिन हे प्रथिन, जठर ते वरणासारखं पचवून टाकतं. अमेरिकेतल्या निकोलस पेपास यांच्या गटानं १९९० च्या दशकात मेथाक्रिलिक आम्लाच्याच जेलमध्ये इन्सुलिन भरून उंदरांना तोंडावाटे देऊन पाहिलं, साखर उतरली. पण जठरातून सुखरूप नेणं ही अर्धीच लढाई. आतड्याची भिंत एवढा मोठा रेणू सहजी आत घेत नाही. १९२२ साली पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं, त्याला शंभर वर्षं उलटली, तरी इन्सुलिनची गोळी काही आपल्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

हे सगळं वाचताना मला माझी आजी आठवत राहिली. वैद्यानं पुडी दिली की तिचा पहिला प्रश्न असे, "कशासोबत घेऊ, अन् कधी?" अनुपान आणि वेळ विचारल्याशिवाय ती उठत नसे. अष्टांगहृदयात औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणाच्या मधे, घासाघासाला, झोपताना, असे. त्यांना पीएच ठाऊक नव्हता, आणि त्यांना तो ठाऊक होता असं ओढूनताणून म्हणायचंही कारण नाही. पण औषध कोणतं याइतकंच ते केव्हा आणि कसं पोटात जातं यालाही महत्त्व आहे, ही जाण त्यांना होती. आजीला होती. बी.ए. झालेल्या मला नव्हती. मी फक्त "किती वेळा?" एवढंच विचारून आले होते.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या जुन्या शहरात राजराजेश्वराची कावड येते, हे तुम्हाला माहीतच आहे. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन रातोरात पोरं चालत येतात. वाटेत कितीही तहान लागो, ते पाणी वाटेसाठी नसतं. सांडू न देता आणायचं आणि राजेश्वराच्या पिंडीवरच ओतायचं. हे तरुणपणी दरवर्षी कावडीला खांदा द्यायचे. २०१८ च्या श्रावणात खुर्ची खिडकीशी लावून त्यांना बसवलं होतं. ढोल वाजत कावडी गेल्या, तेव्हा डाव्या हातानं त्यांनी नमस्कार केला. मी शेजारी उभी होते आणि मनात आलं, मी आठ महिने रोज सकाळी भरली कावड अर्ध्या वाटेत ओतत होते.

त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. २०२० मध्ये ते गेले. सांगितलं असतं तर हसले असते, असं वाटतं. "तू मध तर चांगला घालत होतीस," असंच काहीतरी म्हणाले असते.

असो. मंडळी, एवढं करा. गोळी कुटण्याआधी, फोडण्याआधी, कॅप्सूल उघडण्याआधी डॉक्टरांना नाहीतर मेडिकलवाल्याला विचारा. पाकिटावर डिलेड रिलीज, सस्टेन्ड रिलीज, प्रोलॉन्ग्ड रिलीज, एन्टेरिक कोटेड, गॅस्ट्रो-रेझिस्टंट असं काही असलं, तर विचारल्याशिवाय खलबत्ता काढूच नका. गिळता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, बहुतेकदा दुसरी सोय असते. आणि आपल्या मनानं गोळी बंदही करू नका.

खलबत्ता मी आज चिंच लावून घासला. चांगला झळकतोय. रविवारी भाचीची लेक बाळाला घेऊन येतेय, तिच्यासाठी पुरणपोळी करायची आहे. वेलदोडे त्यातच कुटीन म्हणते.